एक साक्षीदार पुरत नाही

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे एक चित्र तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले असेल. एका बाजूला सूर्य, तिथून निघालेले बाण, मध्ये पृथ्वी आणि तिच्याभोवती धूमकेतूसारखी मागे शेपटी सोडलेली एक वक्र रेषा. सूर्याकडून येणारे बाण त्या रेषेपाशी अडतात आणि दोन्ही अंगांनी वळून निघून जातात. चित्राखाली लिहिलेले असते, 'पृथ्वीचे चुंबकीय कवच'. चित्र सुबक असते, लक्षात राहते, परीक्षेत पटकन काढताही येते.

या चित्राविषयी माझी एक तक्रार आहे. ते चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. पण ती रेषा कोणी, कशी आणि किती खटपटीने शोधली याचा त्यात मागमूस नसतो. ती रेषा आजवर कोणीही डोळ्यांनी पाहिलेली नाही. उपग्रहांवरच्या उपकरणांनी विद्युत्भारित कण मोजले आणि त्या आकड्यांवरून ती रेखाटली गेली. हे आकडे वाचताना शास्त्रज्ञांपुढे एक साधी पण हट्टी अडचण उभी राहिली आणि ती पुरती दूर करायला जवळजवळ चाळीस वर्षे गेली. त्या अडचणीत आपल्या शाळेतल्या प्रयोगांसाठी एक धडा आहे. माझ्या मते तो धडा त्या सुबक चित्राहून अधिक मोलाचा आहे. तो वर्गात शिकवला जावा, म्हणून हा लेख.

सीमा कुठे असते?

सूर्यापासून सतत एक अतिविरळ वारा वाहत असतो. त्यात मुख्यतः प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन असतात. या सौरवाऱ्याचा वेग साधारणपणे सेकंदाला ४०० किलोमीटर असतो. पृथ्वीजवळ त्याच्या एका घन सेंटिमीटरमध्ये फार तर पाच-दहा प्रोटॉन सापडतील. आपल्या हवेच्या मानाने ही पोकळीच म्हणायची. तरीही या वाऱ्याला दाब आहे.

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रालाही दाब असतो. हे दोन दाब जिथे समसमान होतात तिथे सौरवारा थबकतो आणि बाजूने वळतो. त्या जागेला आपण 'चुंबकसीमा' म्हणू आणि तिच्या आतल्या प्रदेशाला 'चुंबकावरण'. सूर्याकडून येणाऱ्या भारित कणांचा झोत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला असे कोंडून धरू शकेल हा विचार सिडनी चॅपमन आणि व्हिन्सेंट फेरारो यांनी १९३१ सालीच मांडला होता. या प्रदेशासाठी आज रूढ असलेले इंग्रजी नाव १९५९ साली टॉमस गोल्ड यांनी सुचवले.

सूर्याच्या बाजूला ही सीमा पृथ्वीच्या केंद्रापासून सरासरी दहा पृथ्वी-त्रिज्या, म्हणजे सुमारे ६४,००० किलोमीटर अंतरावर असते. 'सरासरी' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. सौरवारा जोराने वाहू लागला की सीमा आत ढकलली जाते, तो मंदावला की बाहेर सरकते. ती किती सरकेल याचे गणित दहावीच्या विद्यार्थ्याला जमण्याजोगे आहे. चुंबकीय क्षेत्राची तीव्रता अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. चुंबकीय दाब तीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे हा दाब अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटणार. यावरून असे निघते, की सौरवाऱ्याचा दाब दुप्पट झाला तर सीमा निम्म्यावर येत नाही, सुमारे ११ टक्केच आत येते. ती निम्म्यावर यायला दाब ६४ पट व्हावा लागेल.

अकरा टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण ६४,००० किलोमीटरचे अकरा टक्के म्हणजे सात हजार किलोमीटर झाले. पृथ्वीच्या त्रिज्येहूनही जास्त! चित्रातली रेषा जागच्या जागी असते. खरी सीमा मात्र एवढ्या अंतरांत सारखी मागेपुढे होत असते.

उपग्रह नेमके काय मोजतो?

'उपग्रहाने चुंबकसीमेचा शोध लावला' असे वाक्य आपण सहज वाचून पुढे जातो. उपग्रहावर कॅमेरा होता आणि त्याने सीमेचा फोटो काढला, असे काहीतरी आपल्या मनात येते. प्रत्यक्षात काय घडते ते पाहा.

कण मोजण्याच्या एका नेहमीच्या उपकरणात एकात एक बसवलेल्या दोन वाट्यांसारखे दोन वक्र पत्रे असतात. दोन्हींमध्ये अरुंद फट असते. पत्र्यांना विद्युतदाब दिला की फटीत शिरलेला भारित कण वळू लागतो. कण फार वेगवान असेल तर तो पुरेसा वळत नाही आणि बाहेरच्या पत्र्यावर आदळतो. फार मंद असेल तर जास्त वळून आतल्या पत्र्यावर आदळतो. नेमक्या ऊर्जेचा कण तेवढा फटीतून सुखरूप पलीकडे जातो आणि तिथल्या गणकात त्याची नोंद होते. विद्युतदाब पायरीपायरीने बदलत गेला, की प्रत्येक ऊर्जेचे किती कण आले हे कळते. पृथ्वीवर येतो तो फक्त आकड्यांचा तक्ता. अमुक क्षणी, अमुक दिशेने, अमुक ऊर्जेचे इतके कण.

मग या तक्त्यावरून सीमा कशी ओळखायची? सीमेच्या बाहेर, जिथे सौरवारा अडून दाटतो, तिथे एका घन सेंटिमीटरमध्ये वीसच्या आसपास प्रोटॉन असतात. त्या मानाने त्यांची ऊर्जा कमी असते. सीमेच्या आत एखादाच प्रोटॉन सापडतो, पण तो बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट ऊर्जावान असतो. बाहेर गर्दी, पण शांत. आत तुरळक वस्ती, पण तापट! गणकाचे आकडे गर्दीकडून तुरळकाकडे गेले आणि त्याच सुमारास चुंबकत्वमापकाने क्षेत्राची दिशा व तीव्रता बदलल्याचे दाखवले, तर उपग्रहाची आणि सीमेची गाठ पडली असे म्हणता येते.

हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. 'उपग्रहाने सीमा ओलांडली' असे मी लिहिलेले नाही. 'गाठ पडली' असे लिहिले आहे. का, ते आता पाहू.

१९६१ सालचे कोडे

'एक्सप्लोरर-१०' हा अमेरिकन उपग्रह २५ मार्च १९६१ रोजी सोडण्यात आला. त्याच्या बॅटऱ्या जेमतेम दोन-अडीच दिवस पुरल्या. त्यावर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत ब्रूनो रॉसी, हर्बर्ट ब्रिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेला प्लाझ्मा मोजण्याचा एक 'पेला' होता. पृथ्वीच्या रात्रीकडच्या बाजूने तो दूर दूर जात राहिला. सुमारे बावीस पृथ्वी-त्रिज्यांच्या पलीकडे त्याच्या नोंदींत एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. कण दिसू लागले, मग नाहीसे झाले, पुन्हा दिसू लागले, पुन्हा नाहीसे झाले. कण नसत तेव्हा चुंबकीय क्षेत्र जोरदार आणि स्थिर असे. कण असत तेव्हा ते क्षीण आणि चंचल होई.

आता तुम्ही त्या शास्त्रज्ञांच्या जागी आहात अशी कल्पना करा. उपग्रह तर सरळ एका दिशेने बाहेर चालला आहे. तो गावाची वेस ओलांडून एकदाच बाहेर पडायला हवा. मग तो पुन्हा पुन्हा आत-बाहेर कसा होईल? उपकरण बिघडले असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. पण कण आणि चुंबकीय क्षेत्र या दोन वेगळ्या उपकरणांच्या नोंदी एकमेकींशी जुळत होत्या. दोन्ही उपकरणे एकाच वेळी, एकाच तालात बिघडतील हे संभवत नाही. निष्कर्ष असा निघाला, की उपग्रह हळूहळू पुढे जात होता आणि सीमा त्याच्यावरून मागेपुढे ये-जा करत होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेलेल्या 'एक्सप्लोरर-१२' वरील लॉरेन्स केहिल यांच्या चुंबकत्वमापकाने सूर्याकडच्या बाजूची सीमा फेरीमागून फेरी नोंदवली. दर वेळी ती वेगळ्या अंतरावर भेटली.

या अंतरावर उपग्रहाचा स्वतःचा वेग सेकंदाला एक-दोन किलोमीटर असतो. सीमेचा वेग अनेकदा सेकंदाला दहा-वीस किलोमीटर, कधी त्याहूनही जास्त असतो. म्हणजे बहुतेक वेळा उपग्रह सीमा ओलांडत नाही, सीमाच उपग्रहाला ओलांडते.

डोळे मिटून समुद्रकाठी

अडचण नेमकी कोणती ते एका खेळाने स्पष्ट होईल. भरतीच्या वेळी समुद्रकिनाऱ्यावर, जिथे लाटेचे पाणी जेमतेम घोट्यापर्यंत येते तिथे, एका मुलाला डोळे बांधून उभे करा. तो अगदी सावकाश चालतो आहे. त्याचे पाय कधी ओले होतात, कधी कोरडे राहतात. त्याला विचारा, "पाण्याची कड किती वेगाने सरकते आहे?" तो सांगू शकणार नाही. "पाणी आणि वाळू यांच्यामधला फेसाचा पट्टा किती रुंद आहे?" तेही त्याला सांगता येणार नाही. पायाला फेस दोन सेकंद लागला एवढेच त्याला कळते. अरुंद पट्टा सावकाश गेला, की रुंद पट्टा झपाट्याने गेला? दोन्हींत त्याला दोनच सेकंद फेस लागेल.

एकट्या उपग्रहाची तीच गत होते. 'जागा बदलली म्हणून आकडे बदलले, की वेळ गेली म्हणून बदलले?' हा प्रश्न त्याला सोडवता येत नाही. उपकरण कितीही अचूक असो, पैसा कितीही ओतलेला असो, एका जागी असलेल्या एकट्या निरीक्षकाला हे उत्तर मिळत नाही. उणीव उपकरणात नाही, साक्षीदारांच्या संख्येत आहे.

आता पहिल्या मुलाच्या मागे, किनाऱ्याच्या बाजूला सहा मीटरवर दुसरा मुलगा उभा करा. पहिल्याचे पाय भिजल्यावर तीन सेकंदांनी दुसऱ्याचे भिजले, तर कडेचा वेग सेकंदाला दोन मीटर. फेस दोन सेकंद लागला असेल तर पट्टा चार मीटर रुंद. एक साक्षीदार वाढला आणि दोन्ही प्रश्न सुटले!

दोन, मग चार

हीच युक्ती अवकाशात वापरण्यासाठी २२ ऑक्टोबर १९७७ रोजी 'आयसी-१' आणि 'आयसी-२' असे दोन उपग्रह एकाच अग्निबाणाने सोडण्यात आले. पहिला अमेरिकेचा, दुसरा युरोपचा. दोघे एकाच कक्षेत एकापाठोपाठ फिरत आणि त्यांच्यामधले अंतर हवे तसे कमीजास्त करता येई. समजा, अंतर ६०० किलोमीटर आहे आणि पहिल्या उपग्रहाला जो बदल दिसला तोच दुसऱ्याला वीस सेकंदांनी दिसला. सीमेचा वेग सेकंदाला तीस किलोमीटर झाला. तो बदल पुरा व्हायला पंधरा सेकंद लागले असतील तर सीमेची जाडी ४५० किलोमीटर. खरी मोजमापेही याच घरातली निघाली. सीमेची जाडी साधारणपणे काही शे किलोमीटर असते असे ठरले. चित्रातली पेन्सिलीची रेषा म्हणजे प्रत्यक्षात मुंबई ते नागपूर अंतराशी तुलना करावी असा जाड पट्टा आहे!

या जोडीने आणखी एक मोठे काम केले. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स डंगी यांनी १९६१ साली असे मांडले होते, की सौरवाऱ्याबरोबर येणारे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट दिशेचे असेल तर सीमेवर दोन्हींच्या रेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातील आणि त्या वाटेने सौरवाऱ्यातील कण व ऊर्जा आत शिरतील. या 'पुनर्जोडणी'त कण जोराने फेकले जायला हवेत. १९७९ साली ग्योट्झ पाशमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयसी उपग्रहांच्या नोंदींत सीमेवर असे वेगवान कणझोत सापडल्याचे प्रसिद्ध केले. तेव्हा 'कवच' हा शब्दही जपून वापरायला हवा. या कवचाला दारे आहेत आणि ती उघडतात.

परंतु दोन उपग्रहही पुरेसे नाहीत. सीमा तिरकी येत असेल तर? तिची दिशा आणि वेग दोन्ही अज्ञात असतील तर अवकाशाच्या तिन्ही मितींसाठी तीन वेगवेगळे कालावधी मोजावे लागतात. म्हणजे एका प्रतलात नसलेले चार साक्षीदार हवेत. यासाठी युरोपने चार उपग्रहांचा 'क्लस्टर' संच तयार केला. ४ जून १९९६ रोजी त्यांना घेऊन निघालेला 'एरियान-५' अग्निबाण उड्डाणानंतर मिनिटभरातच नष्ट झाला आणि चारही उपग्रह त्याबरोबर गेले. वर्षानुवर्षांचे काम क्षणात संपले. तरीही एकच उपग्रह पाठवून समाधान मानावे असे ठरले नाही. चारही पुन्हा बांधले गेले आणि जुलै व ऑगस्ट २००० मध्ये दोन-दोनच्या जोडीने कक्षेत गेले. सप्टेंबर २०२४ पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षे त्या संचाने काम केले.

मार्च २०१५ मध्ये अमेरिकेने आणखी एक चौकडी पाठवली, 'एमएमएस'. तिचे चार उपग्रह एकमेकांपासून अवघ्या सात-आठ किलोमीटरवर येऊ शकतात. तिची उपकरणे दर ३० सहस्रांश सेकंदाला इलेक्ट्रॉनांची सर्व दिशांची मोजणी पुरी करतात. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी ही चौकडी चुंबकसीमेवरच्या पुनर्जोडणीच्या अगदी गाभ्यातून गेली. रेषा जिथे तुटतात आणि जुळतात, त्या जागी इलेक्ट्रॉन कसे वागतात हे प्रथमच तपशिलाने कळले. डंगी यांच्या कल्पनेला तोवर चोपन्न वर्षे झाली होती.

आपल्या दारचे उदाहरण

हे सारे परक्या देशांतले, असे समजू नका. साक्षीदार एकटा असला की काय होते याचे एक ठळक उदाहरण मुंबईचेच आहे.

१ आणि २ सप्टेंबर १८५९ या दिवशी इतिहासातले एक अतिप्रचंड चुंबकीय वादळ झाले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत त्या काळी निरीक्षक चुंबकसूचीची स्थिती डोळ्यांनी वाचून वहीत लिहीत. वादळाची चाहूल लागताच त्यांनी नेहमीपेक्षा थोड्या थोड्या वेळाने वाचने घेतली. त्या नोंदींनुसार चुंबकीय क्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्ला इतकी घट झाली. २००३ साली अमेरिका, ब्राझील आणि भारत या देशांच्या शास्त्रज्ञांनी या नोंदींचा नव्याने अभ्यास करून तो प्रसिद्ध केला. त्यात मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे शास्त्रज्ञ होते.

मग वाद सुरू झाला. ही घट पृथ्वीला वळसा घालणाऱ्या विद्युतप्रवाहामुळे झाली, की ध्रुवीय प्रकाशाशी निगडित प्रवाह त्या दिवशी खूप दक्षिणेकडे सरकल्यामुळे? वाद निकालात निघणे कठीण आहे, कारण कमी अक्षांशावरची अशी सलग नोंद जवळजवळ एकट्या कुलाब्याचीच आहे. साक्षीदार प्रामाणिक आहे, चोख आहे. पण एकटा आहे.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. त्यांच्या विद्युतप्रवाहाने नोंदी बिघडतील म्हणून चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवण्यात आली. तिथे १९०४ पासून नोंदी होत आहेत. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही वेधशाळा एकाच वेळी चालू ठेवल्या होत्या, हे मला फार महत्त्वाचे वाटते. जुन्या साक्षीदाराची साक्ष नव्याशी पडताळून घेतल्याखेरीज त्याला निरोप दिला गेला नाही.

आता अलीकडचे पाहू. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले 'आदित्य-एल१' हे भारताचे यान पृथ्वीभोवतीच्या लंबवर्तुळाकार कक्षांत असताना १० सप्टेंबर रोजी त्यावरचे 'स्टेप्स' हे कणमापक सुरू करण्यात आले. पृथ्वीपासून ५०,००० किलोमीटरपलीकडे, म्हणजे चुंबकसीमेच्या परिसरात, त्याने ऊर्जावान आयन आणि इलेक्ट्रॉन मोजले. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने बनवलेल्या या उपकरणाचे सहा संवेदक वेगवेगळ्या दिशांना रोखलेले आहेत. कण कोणत्या बाजूने येतात हे त्यामुळे कळते. तरी ही एका साक्षीदाराची सहा नजरांची साक्ष आहे. आकड्यांतला चढउतार जागेमुळे की वेळेमुळे, हा प्रश्न तिथेही उरतोच. ६ जानेवारी २०२४ रोजी यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या ठिकाणी पोचले. तिथून निघालेला सौरवारा पृथ्वीपाशी यायला सुमारे तासभर लागतो. वर आदित्य, मध्ये पृथ्वीजवळचे उपग्रह आणि खाली अलिबाग, अशा तीन साक्षी एकत्र वाचल्या तर प्रत्येकीचे मोल वाढते.

याचा व्यवहाराशी संबंध आहे का? आहे. १० मे २०२४ च्या मोठ्या चुंबकीय वादळात चुंबकसीमा इतकी आत दाबली गेली, की ती सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर कक्षेच्याही आत आली. दळणवळणाचे आणि हवामानाचे उपग्रह याच कक्षेत असतात. अशा वेळी सूर्याकडच्या बाजूचे उपग्रह काही काळ थेट सीमेबाहेरच्या कणांच्या माऱ्यात सापडतात. सीमा कुठे आहे आणि किती वेगाने सरकते आहे हे कळणे ही तेव्हा निव्वळ जिज्ञासेची बाब राहत नाही.

प्रयोगवहीतले ९८०

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो आणि तो शिक्षकांनीही ऐकावा अशी विनंती आहे.

आपल्या शाळा-महाविद्यालयांत लंबकाच्या प्रयोगातून गुरुत्वत्वरण काढतात. पुस्तकातले उत्तर आधीच ठाऊक असते, सेकंदवर्गाला ९८० सेंटिमीटर. कित्येक प्रयोगवह्यांत हे ९८० आधी ठरते आणि वाचने त्याच्यामागून येतात. एखादे वाचन जुळले नाही तर खोडरबर बाहेर निघते. गटात चौघे असतात, पण वाचन एकच जण घेतो आणि उरलेले तिघे उतरवून घेतात. म्हणजे चार वह्या, पण साक्षीदार एकच!

एक्सप्लोरर-१० च्या मंडळींनी असे खोडरबर वापरले असते तर? 'उपग्रह एकदाच बाहेर पडायला हवा' हे त्यांचे ९८० झाले असते. मधली सारी ये-जा त्यांनी बिघाड म्हणून खोडली असती. सीमा हलते ही त्या नोंदींतली सर्वांत मोलाची गोष्ट नेमकी त्या न जुळणाऱ्या आकड्यांत दडलेली होती.

यावर शिक्षक म्हणतील, की एका तासात चाळीस मुलांचे प्रयोग उरकायचे असतात आणि परीक्षेत गुण उत्तराला मिळतात. त्यांची अडचण खरी आहे. पण मी जास्त प्रयोग मागत नाही. आहे त्याच प्रयोगात चौघांनी चार वाचने एकमेकांना न दाखवता घ्यावीत, सगळी शाईने लिहावीत आणि त्यांत फरक का पडला यावर दोन ओळी लिहाव्यात, एवढेच माझे मागणे आहे. गुण द्यायचेच तर त्या दोन ओळींना द्यावेत.

कोणी असेही म्हणेल, की लहान मुलांना आधी सोपे चित्रच दाखवायला हवे. मान्य. चित्र काढून टाका असे मी म्हणत नाही. फक्त ती रेषा तुटक काढा, तिच्या शेजारी 'सरासरी अंतर, सारखे बदलते' असे लिहा आणि खाली एक प्रश्न छापा, 'हे कसे कळले?' एका प्रश्नाला पुस्तकात फार जागा लागत नाही.

वळवाची कड

विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला चार उपग्रह पाठवता येणार नाहीत. पण सरकत्या सीमेचा वेग मोजणे तुमच्या हातात आहे. वळवाच्या दिवसांत पाऊस कसा येतो ते आठवा. या गावात धो धो आणि शेजारच्या गावात धूळ! पावसाची ती कड म्हणजे तुमची चुंबकसीमा.

तुमच्या शाळेत आसपासच्या गावांहून मुले येतात. एका सरळ रेषेत नसलेली तीन गावे निवडा. पहिला टपोरा थेंब पडला की आपल्या गावातली वेळ मिनिटासह लिहून ठेवायची. आधी सर्वांची घड्याळे जुळवून घ्या. गावांची अंतरे नकाशावरून काढा. जमीन सपाट धरली तर दिशा आणि वेग काढायला तीन साक्षीदार पुरतात. कागदावर तीन ठिपके काढा, प्रत्येकापाशी वेळ लिहा आणि पावसाची कड कोणत्या बाजूने, किती वेगाने आली ते शोधा. गणिताच्या बाईंची मदत घ्या.

मग चौथ्या गावातल्या मित्राची नोंद मागवा. ती तुमच्या उत्तराशी जुळते का ते पाहा. जुळली तर उत्तमच. जुळली नाही तर तिच्यावर खोडरबर फिरवू नका. पावसाची कड सरळ नसेल, तिने वाटेत वेग बदलला असेल किंवा मध्येच एखादा डोंगर आला असेल. मित्राचे घड्याळ पुढे असण्याचीही शक्यता आहे, तेही तपासा. यांतले खरे कोणते, हे ठरवायला पाचव्या गावात कोणाला विचारावे लागेल?